चारशे बारा पावलं

मुकादमांच्या घरात पाऊल टाकलं की आधी ढाल दिसायची, मग मुकादम. पितळेची, ताटाएवढी, भिंतीवर बरोबर मधोमध. 'एका महिन्यात सर्वाधिक कोळसा' असं तिच्यावर कोरलेलं. पाहुणा नवा असो की जुना, ढालीची गोष्ट ऐकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. त्या वर्षी थंडी कशी कडाक्याची पडली, वीजकेंद्रातला कोळसा कसा संपत आला, दवाखान्यातले दिवेसुद्धा कसे मिणमिणायला लागले आणि मग मुकादमांच्या टोळीनं जमिनीखाली काय कमाल केली. बायको म्हणायची, "अहो, भिंतीला तोंडपाठ झालीय ती गोष्ट. एकदा तिलाच सांगू द्या."

एवढं मात्र मुकादमांनी कधी कुणाला सांगितलं नाही, की तो कोळसा आला कुठून.

एकुलती एक मुलगी शिकून इंजिनियर झाली आणि कामाला लागली कुठे, तर अणुवीज केंद्राच्या बांधकामावर! तेही बापाच्या बंद पडलेल्या खाणीच्या अगदी शेजारी. जेवताना दोघांची रोज जुंपायची.

"तुझी भट्टी धूर सोडत नाही, कबूल," मुकादम म्हणायचे. "पण तिचं जळकं इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसायचं! आमची राख निदान थंड तरी व्हायची."

"तुमची राख तुमच्या छातीत बसलीय, बाबा. जिना चढताना ऐकू येते."

यावर मुकादमांना नेमका खोकला यायचा आणि वाद तिथेच संपायचा.

एका संध्याकाळी तिनं ताटाशेजारी नकाशा पसरला. "उद्या चार वाजता मोठ्या हौदाचा तळ ओतायचा. जळकं इंधन याच हौदात पाण्याखाली राहणार. चारी कोपऱ्यांवर बोअर मारलेत, सगळीकडे भरीव लागलंय. तुमच्या खाणीची मुख्य गल्ली अलीकडेच संपते, हे बघा."

मुकादमांनी चष्मा चढवला. गल्लीची रेघ सरळ येऊन थांबली होती. पुढे सगळं कोरं. त्यांचा घास हातातच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. मीठ कमी पडलंय."

"मीठ बरोबर आहे," बायको म्हणाली. "तुमचंच काहीतरी बिनसलंय."

मुकादमांनी ताट बाजूला सारलं. "ही रेघ खोटी आहे, पोरी. गल्ली पुढे जाते. छप्पर तोलून धरायला कोळशाचे खांब सोडायचे असतात, त्यांना हात लावायचा नसतो. आम्ही तेच काढले. हुकूम वरून तोंडी आला होता, पण टोळी माझी होती, खांब दाखवणारं बोटही माझंच. कडेचे खांब शाबूत आहेत, म्हणून तुला कोपऱ्यात भरीव लागलं. मधे काही नाही. नकाशावर कुणीच काही चढवलं नाही." त्यांनी भिंतीकडे हात केला. "ती ढाल त्या खांबांची आहे."

मुलगी ढालीकडे बघत राहिली. लहानपणी दर रविवारी तीच ती घासून लख्ख करायची. राग आला असता तर तो अगदी रास्त होता, आणि आला होताच. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या हे सगळ्यांसमोर सांगाल?"

मुकादमांनी मान डोलावली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

बांधकामावरचे मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त तारखांनी पिडलेले होते. काम थांबवा, असं पत्र मुलीनं सकाळीच त्यांच्या हातात दिलं होतं. "काँक्रीटच्या बारा गाड्या चारला फाटकावर येतील," ते तिला म्हणाले. "तोवर दोन बोअर मारून देतो. पोकळी निघाली नाही, तर हे पत्र परत घ्यायचं आणि उद्यापासून कामावर यायचं नाही. मंजूर?"

"मंजूर," मुलगी म्हणाली.

मुकादमांनी शंभर माणसांसमोर खांबांची गोष्ट सांगितली. एकदा बोलायला लागल्यावर काहीही लपवलं नाही. "जागा कशी सापडणार?" साहेबांनी विचारलं. "दिशा नकाशावर आहे, नाकासमोर. अंतर माझ्या डोक्यात आहे. खाली दिवा गेला तर पावलं हेच डोळे, म्हणून मी रोज मोजायचो. खाणीच्या तोंडाच्या बरोबर खालून चारशे बारा."

खाणीच्या तोंडावर आता काँक्रीटचं झाकण होतं. तिथून मुकादम छाती काढून निघाले. मोजता मोजता हौदाचा खड्डा मागे पडला, कुंपणही मागे पडलं आणि चारशे बारावं पाऊल पडलं ते पलीकडच्या माळावर. मुकादमांना चुकल्यासारखं वाटलं, पण आकडा तर पक्का होता. बोअरवाल्यानं यंत्र लावलं. आधी माती, मग राखाडी दगड, मग काळा कोळसा, मग पुन्हा दगड. कुठे फटसुद्धा नाही.

"काका, पोकळी खाली नाही हो, वर आहे!" एक गवंडी डोक्यावर टकटक करत ओरडला आणि हशा पिकला. मुलीनं मनगट वर केलं. घड्याळात दीड वाजला होता.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. मुकादम एका दगडावर मुटकुळं करून बसले होते. "माझ्यापायी पोरीची नोकरी चालली," ते म्हणाले.

"आधी ताठ बसा बघू. जन्मभराची सवय मेली! खाणीतून आलात तरी घरात वाकूनच फिरायचात. मी कानीकपाळी ओरडायचे, अहो, आपलं छप्पर उंच आहे, सरळ चाला!"

मुकादम ताडकन उठले. "काय म्हणालीस?"

"सरळ चाला म्हणाले."

"त्याच्या आधी! अगं, मी मूर्ख आहे गं, ठार मूर्ख!"

"ते मला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं. तुम्हाला आज कळलं?"

मुकादम डबा तिथेच टाकून सुटले. "पोरी, खाली छप्पर छातीएवढं होतं! ताठ माणसाची ढांग केवढी आणि वाकलेल्याचं पाऊल केवढं! मी पाहुण्यासारखा चाललो की!"

झाकणावर उभं राहून ते कमरेत वाकले, गुडघे दुमडले, हात पाठीमागे बांधले आणि निघाले. एक, दोन, तीन. लोक पोट धरून हसत होते. शंभराला हसणं चालूच होतं. दोनशेला मुकादमांना खोकल्याची उबळ आली, पण आकडा सुटला नाही. तीनशेला कंबर मोडायला आली. मुलगी धरायला धावली तर त्यांनी तिला कोपरानं बाजूला सारलं, "मोजू दे!" तोवर हसणारे गप्प झाले होते. खड्ड्याचा उतार उतरून चारशे बारावं पाऊल पडलं ते हौदाच्या ऐन मधोमध. मुकादमांनी टाच रोवली. "इथे."

यंत्र घरघरलं. तीस फूट, पन्नास, सत्तर. सगळं भरीव. साहेबांनी घड्याळ बघितलं. फाटकावर पहिली गाडी येऊन उभी राहिली होती. ऐंशी फुटांवर यंत्राचा आवाज एकदम हलका झाला, रॉड सर्रकन खाली गेला आणि भोकातून काळी धूळ भसकन वर आली.

"गेला! गेला! खाली काही नाही!" बोअरवाला नाचायलाच लागला. त्यानं मोजलं. पोकळी चार फुटांची, बरोबर छातीएवढी.

मग काय विचारता! टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, तो टकटक करणारा गवंडी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. "काका, एवढं सगळं आज संध्याकाळी आम्ही याच्यावर ओतणार होतो," ते म्हणाले. त्यांनी स्वतः फाटकाकडे हात केला, गाड्या परत! बाराच्या बारा गाड्या एकेक करून वळल्या आणि प्रत्येक ड्रायव्हरनं जाता जाता हॉर्न वाजवला.

"अरे, वाजवता काय? आधी मला सरळ तरी करा!" मुकादम वाकलेलेच ओरडले. गवंडी आणि बोअरवाल्यानं धरून त्यांना उभं केलं.

मुलीनं जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. "हौद बहुतेक पलीकडे हलवावा लागेल. तुमच्या पहिल्या बोअरला तिथे भरीव लागलंय. पण या वेळी कोपऱ्यांवर भागवायचं नाही, वीत न्‌ वीत तपासायची." तिनं पेन्सिल पुढे केली. "बाबा, काढा."

जिथे रेघ थांबली होती तिथून मुकादमांनी ती पुढे नेली. काढलेल्या प्रत्येक खांबावर फुली मारली आणि खाली स्वतःची सही केली. मुलीनं त्या सहीखाली आपली सही केली आणि भर उन्हात, सगळ्यांदेखत, बापाच्या गळ्यात पडली.

ढाल अजून भिंतीवर आहे. पाहुण्याला आता गोष्ट ऐकावी लागते ती खांबांसकट, लांबण दुप्पट झालीय. शेवटी मुकादम बैठकीत वाकून चालून दाखवतात, मोजतात आणि चारशे अकराला मुद्दाम थांबतात. मग मुलगी घरात जिथे असेल तिथून ओरडते, "चारशे बारा!"