पेन्सिलींचा डबा

शाळेत त्यांना सगळे काटकोन सर म्हणत. चालताना, बसताना, एवढंच काय पण रागावतानासुद्धा त्यांची पाठ कधी वाकली नाही, म्हणून. गणित शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःलाच जरा जास्त ठाऊक होती. त्यामुळे सातवीला अर्थशास्त्राचा नवा तास सुरू झाला आणि तो घ्यायला तिशीतल्या एक बाई आल्या, तेव्हा सरांनी शिक्षकखोलीत जाहीर करून टाकलं, "बेरीज-वजाबाकी आली की पैसा आपोआप कळतो. त्याला वेगळा तास कशाला?"

बाई नुसत्या हसल्या. वाद घालायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

पण त्यांच्या वर्गात काय चालायचं ते बघण्यासारखं होतं. एकदा त्यांनी खिडकीजवळच्या जागांचा कागदी नाण्यांवर लिलाव केला. एकदा विचारलं, "आपला हा बाक किती जणांच्या हातून आला असेल?" तर मुलं दुसऱ्या दिवशी सुताराला, टेम्पोवाल्याला आणि खिळे विकणाऱ्या दुकानदाराला भंडावून आली होती. शेजारच्या वर्गात फळ्यावर समीकरणं लिहिताना सरांचा एक कान भिंतीकडे असायचा. कबूल मात्र ते मेले तरी करणार नव्हते.

एका सोमवारी बाईंनी टेबलावर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. आज एक पेन्सिल द्या, पुढच्या सोमवारी दोन घेऊन जा. पहिल्या दिवशी तिघांनीच धीर केला. पुढच्या सोमवारी त्यांच्या हातात खरोखरच दोन-दोन पेन्सिली पडल्या आणि मग काय विचारता! डब्यापुढे दारापर्यंत रांग लागली.

तिसऱ्या सोमवारी बाई सरांकडे आल्या. "सर, मुलांना जरा दुपटीचं गणित समजावून सांगाल? तुमच्याइतकं छान मला नाही जमणार."

अशी विनंती सर कशाला नाकारतील? त्यांनी फळा भरून टाकला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. "दहाव्या आठवड्याला एका पेन्सिलीच्या एक हजार चोवीस! गणित चोख आहे. काही शंका?" शंका कुणालाच नव्हती. टाळ्या पडल्या. मग सरांनीही हसत हसत खिशातली लाल-निळी पेन्सिल, पेपर तपासायची त्यांची लाडकी, डब्यात टाकली. ते बघून मागे राहिलेली मुलंही पुढे आली. दुसऱ्या तुकडीतली पोरंसुद्धा धावली. चित्रं काढणाऱ्या एका मुलीनं तर आपली रेखाटनाची बारा पेन्सिलींची अख्खी पेटी देऊन टाकली.

त्या आठवड्यात सरांच्या घरीही दुपटीचंच बोलणं चालू होतं. त्यांच्या साडूभाऊंनी कुठल्याशा गोदामांच्या कंपनीत पैसे घातले होते, आणि दरमहा शेकडा पाच, म्हणजे वीस महिन्यांत दुप्पट, या दरानं पैसे त्यांना बिनबोभाट मिळत होते. माणूस खोटा नव्हता. स्वतःला लाभलं ते नातेवाइकांनाही लाभावं, एवढीच त्याची हौस. सरांनी आकडे दोनदा तपासले, ते बरोबर निघाले. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांचा त्यांचा धनादेश तयार होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताई. सरांची थोरली बहीण. भावोजी गेल्यावर तिनं एकटीनं चालवलेलं दुकान आता विकलं होतं, आणि ते पैसे हाच तिचा पुढच्या सगळ्या आयुष्याचा आधार होता. साडूभाऊंना ती म्हणाली होती, "माझा भाऊ गणिताचा मास्तर आहे. तो हो म्हणाला की मी सही करते." पुढच्या सोमवारी संध्याकाळी ती त्यासाठीच येणार होती.

आणि त्याच सोमवारी, दुपारच्या तासाला, डबा आटला.

सर आपली दुप्पट घ्यायला ऐटीत गेले होते. पहिल्या काही जणांना पेन्सिली मिळाल्या आणि मग बाईंनी डबा उलटा करून दाखवला. आत काही नव्हतं. वर्गात एकच गलका झाला. ज्यांना मिळाल्या होत्या ते दप्तरं छातीशी धरून बसले, ज्यांना नव्हत्या ते त्यांच्यावर तुटून पडले. "मी नियमानं मिळवल्यात!" एक मुलगा ओरडला. चित्रं काढणारी मुलगी मात्र बाकावर डोकं टेकून रडत होती. रडता रडताच तिनं विचारलं, "बाई, पण आधीच्यांना दिल्यात त्या पेन्सिली आल्या तरी कुठून?"

बाई तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. "तुमच्याकडूनच आल्या, बाळा. पहिल्या वेळच्या तीन जास्तीच्या तेवढ्या माझ्या होत्या, त्यानंतर मागून येणाऱ्याची पेन्सिल मी पुढच्याला देत होते. मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, हा प्रश्न कुणीही विचारला की लगेच डबा उघडून खरं काय ते सांगायचं. तीन आठवडे वाट बघितली मी." मग सगळ्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "आता ज्याची त्याला परत. अगदी आजच, आणि सगळ्यांच्या."

ते सोपं गेलं नाही. जिंकलेल्यांना समजावताना बाईंचा घसा बसला, पण आवाज एकदाही चढला नाही. घंटा झाली तेव्हा मुलीची पेटी भरलेली होती आणि सरांची लाल-निळी त्यांच्या हातात होती.

सर शिक्षकखोलीत त्यांना गाठून म्हणाले, "मला तोंडघशी पाडलंत तुम्ही! मुलांसमोर!"

"माफ करा सर," बाई म्हणाल्या. "पण शाळेत मुलांचा सगळ्यात जास्त विश्वास तुमच्यावर आहे, म्हणून तुम्हालाच बोलावलं. भरवशाचं माणूस शेजारी उभं राहिलं की आपण विचारणंच बंद करतो. हे पुस्तकातून कसं शिकवणार?"

सर तडक बाहेर पडले. राग तर होताच, पण जिना उतरता उतरता तो ओसरला, आणि त्याच्या जागी या बाईंविषयी असा आदर दाटून आला की त्यांना जिन्यातच थांबावं लागलं. आपण पंचवीस वर्षं मुलांना उत्तरं काढायला शिकवलं. ही बाई तीन आठवडे एका प्रश्नाची वाट बघत बसली. आणि आपण त्या वर्गात उभे होतो, खडू हातात घेऊन!

संध्याकाळी ताई आली. साडूभाऊंनी टीपॉयवर कागद मांडले. ताईनं चष्मा लावला, पेन उघडलं. "तू तपासलंस ना रे? मग झालं. सही कुठे करू?"

"थांब ताई," सर म्हणाले. "साडूभाऊ, हे पैसे येतात कुठून?"

"कुठून म्हणजे? एक तारखेला खात्यात येतात की!"

"येतात हो. पण कुठून?"

"गोदामांतून."

"तुम्ही बघितलंय एखादं?"

"फोटो बघितलाय," साडूभाऊ म्हणाले, आणि स्वतःच जरा चमकले. "थांबा, वरच्या साहेबांनाच विचारतो." त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. "साहेब, आमचे सर विचारतायत, पैसे येतात कुठून?"

पलीकडून जराही न अडखळता उत्तर आलं. "शंकेखोर लोकांनी लांबच राहिलेलं बरं. थोड्याच जागा उरल्यात." आणि फोन कट झाला.

सरांना तो उलटा केलेला डबा आठवला. बाईंनी निदान तो उघडला होता. ताईनं पेनाला टोपण लावलं. साडूभाऊ मात्र फोनकडे बघतच राहिले.

"माझे तर सगळे तिथेच आहेत," ते हळूच म्हणाले.

सर उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "उद्या सकाळी जाऊन मागू. मी रजा टाकतो, तुमच्याबरोबर येतो. जेवढे हाती लागतील तेवढे सोडवून आणू. आणि मीही तुम्हाला हिशेब बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं, तेव्हा एकटं समजू नका स्वतःला."

साडूभाऊंनी मान हलवली. मग ताईनं विचारलं, "तुला हे विचारायचं सुचलं कसं रे?"

"मला नाही सुचलं. आमच्या शाळेत एक बाई आहेत, त्यांच्या वर्गात शिकलो."

"गणिताच्या असतील."

"नाही गं," काटकोन सर खाली बघत म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांची पाठ जरा वाकली. "गणित मीच शिकवतो."