उन्हाचा मान

आमच्या गावात घरं नऊ. नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे जातो, तो फेब्रुवारीतच फ्योर्डवर, डोंगरांमधल्या आमच्या खाडीवर, परत दिसतो. ऊन ज्याच्या खिडकीत पहिल्यांदा येईल, त्याने गावाला कॉफी आणि वेलदोड्याचे गोड पाव खाऊ घालायचे, हा रिवाज. हा मान दर वर्षी मॅग्नहिल्डचा. तिच्यानंतर नंबर माझा, पण माझ्याकडे ऊन चार दिवसांनी यायचं, उष्टं.

उन्हाचं सोडा, मला सलायचा तो माझा नवरा. एरवी आठवडाभर दाढीला हात न लावणारा टोरलाइव्ह त्या दिवशी गुळगुळीत होऊन, ठेवणीतला स्वेटर घालून निघायचा. लग्नाआधी त्याने मॅग्नहिल्डला मागणी घातली होती आणि तिने नाकारली होती, हे गावच्या बोकडांनाही ठाऊक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी डोकं दुखतंय म्हणून घरीच बसायचे.

वीस वर्षांपूर्वी तिच्या खिडकीसमोरच्या आमच्या उतारावर मी स्प्रूसची, म्हणजे देवदारासारख्या उंच झाडांची, रोपं लावली. वाऱ्याला आडोसा, असं सगळ्यांना सांगितलं.

यंदा ती पुरेशी वाढली. गंमत बघायला मीही गेले. सगळा गाव तिच्या स्वयंपाकघरात ताटकळत बसला आणि ऊन आलंच नाही.

"ढग आलेत की काय?" कुणीतरी विचारलं.

"ढग कसले! रॅग्नफ्रिडची झाडं आलीत," मॅग्नहिल्ड हसून म्हणाली. "आता पाव तूच भाज गं बाई. सुटले मी एकदाची!"

तिचं ते हसणंही मला टोचलं.

चौथ्या दिवशी मी साठ पाव भाजले. गाव आला. मॅग्नहिल्ड येऊन नेमकी खिडकीशी बसली.

"ती खुर्ची डुगडुगते हं," मी म्हटलं.

"डुगडुगू दे. मी काय नाचायला आलेय?"

दुपारी ऊन आलं ते थेट तिच्या तोंडावर. तिने डोळे मिटले. टोरलाइव्ह किटली हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"अरे, कॉफी ओत की!" मी ओरडले.

"थांब गं जरा," तो म्हणाला. त्याची नजर तिच्यावरून हलली नाही.

आमच्या लग्नातही त्याने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणि आता दर वर्षी तिला मीच बोलावणार, पावही मीच भाजणार. रिवाज मोडायचा कुणी?