आधी हात धर

मी एक नळी बोलतेय. अहो, घागरी खाली ठेवा, पाण्याची नव्हे! मी वीतभर लांब, ॲल्युमिनियमची, एका बाजूला कर्ण्यासारखं तोंड असलेली. हे तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला नर्सनं कान लावायचा. आतल्या बाळाचे ठोके पोचवणं एवढंच माझं काम.

नांदेडच्या एका नर्सिंग शाळेत सुलतानबी सिस्टरच्या हाताखाली माझी उमर गेली. शिकाऊ मुलींकडून त्या एकच गोष्ट घोकून घ्यायच्या, "कान नळीला, बोटं बाईच्या मनगटाला. आईची नाडी वेगळी, लेकराचे ठोके वेगळे. दोन्ही मोजल्याबिगर आकडा लिहायचा न्हाई." मुली पाठीमागं त्यांची नक्कल करायच्या. उदगीरकडची गौरम्मा तर लई झकास करायची. पोरगी हुशार, पण जरा घाईची.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास सिस्टर, गौरम्मा आणि मी अशा तिघींना तिकडच्या एका खेड्यातल्या उपकेंद्रात पाठवलं. पाट्यांवरचा रंग तेवढा ओला, बाकी सगळं कोरडं ठणठणीत. दिवस भरत आलेल्या बायकासुद्धा पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होत्या.

नागम्मा तिथूनच आली. कळा सुरू झालेल्या, ओठ सुकलेले, अंग तापलेलं. सिस्टर शेजारच्या गावी गेलेल्या. गौरम्मानं मला पोटावर टेकवलं आणि नाडी बघायला नागम्माचा हात धरला. मनगटावर डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा, गच्च.

सासू नीलाबाई खेकसली, "बांगड्या सरकवू नको, पोरी! एखादी वाढली म्हंजे? भरल्या दिवसांत अपशकुन हाय."

"बरं, राहू द्या." गौरम्मानं हात सोडला आणि नुसते ठोके मोजले. एकशे तीस. हसून म्हणाली, "लेकरू खुशाल हाय, मावशी."

खुशाल कुठलं! तहानेनं, तापानं आईचीच नाडी तेवढी धावत होती आणि तीच माझ्यातून जात होती. बाळ दुसऱ्या कुशीला होतं. मला सगळं कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. जळो मेलं ते नळीचं जिणं!

दोन तासांनी सिस्टर आल्या. त्यांनी कुणाला न विचारता चुडा वर सरकवला. दोन बांगड्या फुटल्या. नाडी एकशे तीस. मग मला दुसऱ्या कुशीला लावलं. ठोके सत्तर, तेही अडखळत.

"गौरम्मा, तुझा हात कुठं होता?" त्यांनी एवढंच विचारलं.

गावात गाडी एकच, पाण्याचा टँकर. रांगेतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बाजूला झाल्या आणि टँकर तसाच नागम्माला घेऊन दवाखान्याकडं निघाला. आई वाचली. लेक गेली.

नीलाबाई फुटलेल्या बांगड्यांच्या नावानं रडत राहिली. तेव्हा गौरम्मा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बांगड्यांनी न्हाई, मावशी. मी हात सोडला म्हणून झालं." पलीकडं पडलेल्या नागम्मानं ते ऐकलं.

गौरम्मा ट्रंक भरून गावाकडं निघाली होती. सिस्टरनी वाट अडवली. "लई महाग शिकलीस. आता ते घेऊन पळू नको."

ती राहिली. आता स्वतः शिकवते. यंत्रं आली, मी पोचे पडून कपाटात असते, पण नव्या मुलींपुढं ती मला काढते आणि आपली चूक न लपवता सांगते. तिथंच ती मला खाली ठेवते, म्हणून उरलेलं मी सांगते.

लेक गेल्यावर दीड वर्षानं नागम्मा पुन्हा कळा घेऊन त्याच दारात आली. गौरम्मा तेव्हा तिथलीच नर्स होती. "दुसऱ्या कुणाला बोलवू का?" तिनं विचारलं.

नीलाबाई मागं उभी होती. पदरात सुनेचा सगळा चुडा, एकही न वाढलेला, घरूनच उतरवून आणलेला. नागम्मानं मोकळं मनगट पुढं केलं.

"तूच बघ, बाई. आधी हात धर."

पोरींनो, यंत्रं लावा, मला विसरा. तो हात मात्र सोडू नका.