वेशीला वळसा

नापास झाल्याबद्दल चेतनला बापाने कधी हात लावला नाही. सहावीत गणितात भोपळा आणला तेव्हाही संभाजी नुसता म्हणाला, "पुन्हा बस." पण धायरीच्या शाळेच्या मागच्या भिंतीला एक भगदाड होतं, उशीर झाला की पोरं तिथून सटकन आत शिरायची. एकदा चेतन त्यातून शिरताना बापाने पाहिला. त्या दिवशी कमरेचा पट्टा निघाला. पाठ, मांड्या, पोटऱ्या, जिथे लागेल तिथे. आई मध्ये पडली तर तिच्या दंडावरही एक उमटला.

"फाटक उघडं आहे ना? मग भगदाडातून का रे, कुत्र्या? भगदाडातून का?"

वळ निळे पडले, मग हिरवे, मग गेले. चेतनने तेव्हाच ठरवून टाकलं की आपला बाप डोक्याने सरकलेला आहे, आणि मोठा होऊन इंजिनिअर झाला, हिंजवडीत कंपनीच्या काचेच्या इमारतीत बसायला लागला तरी ते मत काही त्याने बदललं नाही. बापाचं बाकी काही घेतलं नसेल, पण हात मात्र घेतला होता. गेल्याच महिन्यात हिंजवडीच्या चौकात एका टेम्पोवाल्याने जीपला घासलं. चेतन उतरला, त्याला खिडकीतून ओढला आणि नाकाचा चेंदा केला. शर्टावर त्या माणसाचं रक्त घेऊन मीटिंगला जाऊन बसला. कुणी विचारलंसुद्धा नाही. तिथे लोक गळ्यातल्या आयकार्डाकडे बघतात, शर्टाकडे नाही.

जीप नवी होती. चारही चाकं ओढणारी, दगडधोंड्यातून जाणारी. २०१३ साल होतं आणि हिंजवडीतल्या निम्म्या पोरांना शनिवार-रविवारी चिखलात लोळायचं नवं वेड लागलं होतं. चेतनने ती घेऊन सहा महिने झाले, पण संभाजी अजून एकदाही तिच्यात बसला नव्हता. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, रोज बाल्कनीतून खाली बघायचा आणि म्हणायचा, "रस्ते सोडून जायला गाडी लागते होय? आम्ही अनवाणी जायचो."

चेतनला हे टोचायचं. बापाने एकदा तरी आपल्या शेजारच्या सीटवर बसावं, खिडकीवर हात टाकावा आणि 'बरी आहे' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि मग परभणीकडच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला. वस्तीत नवं विहार बांधलंय, बुद्धमूर्ती बसवायची आहे, सगळ्यांनी या. चेतनने ते गाव कधी पाहिलं नव्हतं. नातेवाईक पुण्याला यायचे, इकडून कुणी जायचं नाही. विचारलं की संभाजी म्हणायचा, "तिथं काय ठेवलंय?"

पण या वेळी चेतनची आई, प्रेमला, बोलली. "एकदा जाऊन येऊ. गुडघे हायेत तवर. मला ती वस्ती पुन्ना बघायचीय."

संभाजी गप्प बसला. ते गप्प बसणं चेतनने होकार धरलं आणि तयारीला लागला.

तयारी त्याने प्रोजेक्टसारखी केली. आईच्या गुडघ्यांसाठी जीपला पायरी बसवून घेतली. बापाच्या कंबरेला पट्टा आणला, तो बघून संभाजी म्हणाला, "बैल आहे का मी?" बीपीच्या गोळ्या, थर्मास, उशा, घडीची कमोडखुर्ची. सल्ला द्यायला सलिल होताच. सलिल त्याच्याच कंपनीतला, सदाशिव पेठेतला, ऑफ-रोडिंगच्या ग्रुपचा म्होरक्या.

"काका-काकूंना मागे बसवू नकोस," सलिल म्हणाला, "मणक्याचा भुगा होईल आणि मग जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. काकूंना तरी पुढे बसव. काका ऐकतात का तुझं?"

"बाप कुणाचंच ऐकत नाही."

"मग त्यांना काही विचारूच नकोस. आधी एक ट्रायल मार कात्रजच्या मागे. आणि अरे, नुसतं डांबरीवरून जाऊन काय करणार? गावाजवळ काही ट्रेल नाही? आम्हीपण दोन गाड्या आणतो. जरा रूरल एक्स्पीरियन्स."

ट्रेल होता. चेतनने कंपनीतच बसून उपग्रहाच्या नकाशावर तो शोधून काढला. गावाच्या अलीकडे डांबरी सडक सोडली की एक कोरडा ओढा लागत होता. तो गावाला मागून पूर्ण वळसा घालून थेट वस्तीच्या दाराशी निघत होता. नुसते दगड, वाळू आणि काटेरी झुडपं. सलिलने स्क्रीनवर बोट आपटलं. "एक नंबर, भावा! हा तर तुमच्यासाठीच बनवलाय."

चेतन हसला. त्याने ओढ्यावर लाल रेघ ओढली आणि नकाशा लॅपटॉपवर आणि मोबाईलमध्येही साठवून ठेवला. बापाला सरप्राईज.

रविवारी सकाळी ट्रायल. प्रेमला इरकली नेसून पुढे बसली, संभाजी कुरकुरत मागे. कात्रजच्या जुन्या घाटाच्या अलीकडे चेतनने जीप कच्च्या वाटेला वळवली आणि डोंगराच्या कुशीतल्या एका कोरड्या ओढ्यात उतरवली. जीप डुचमळली. खालून दगड कडाकडा आपटले.

"आगं माय!" प्रेमलाने दांडी गच्च धरली, मग हसायलाच लागली. "आरं, ही तर बकरीवानी चढती!"

चेतनने आरशात पाहिलं. संभाजी हसत नव्हता. खिडकीबाहेर ओढ्याच्या काठाकडे बघत होता, कपाळावर घाम, आणि त्याचा डावा हात, ज्याची दोन बोटं कारखान्यात मशीनखाली येऊन वाकडी झाली होती, तो त्याने काखेत दाबून धरला होता.

पोट बिघडलं असेल, असं चेतनला वाटलं. त्याने ओढ्याच्या मधोमध जीप थांबवली. आता बापाचा मूड सुधारायचा म्हणून मोबाईल काढला आणि मागे वळला.

"पप्पा, हे बघा. ओळखा बरं कुठला ओढा? आपल्या गावचा! ही लाल रेघ बघा. डांबरी इथे सोडायची, ओढ्यात उतरायचं आणि वेशीला वळसा घालून थेट वस्तीत. सलिलच्या गाड्यापण येणार आहेत. गावात शिरायचीच गरज नाही!"

संभाजीने मोबाईल हातात घेतला. बघितला. दार उघडून खाली उतरला आणि मोबाईल समोरच्या खडकावर असा फेकून मारला की त्याचे तुकडे उडाले.

"पप्पा! अहो, काय..."

संभाजी जीपच्या मागे गेला. येताना त्याच्या हातात टॉमी होती, चाकं खोलायची लोखंडी दांडी. पहिला घाव बॉनेटवर. दुसरा उजव्या दिव्यावर. तिसरा समोरच्या काचेवर, प्रेमलाच्या तोंडासमोर. काचेला कोळ्याचं जाळं पडलं आणि त्यामागे ती किंचाळली.

"अहो, थांबा! चेतनचे पप्पा!"

चेतन उडी मारून खाली आला. बापाचं मनगट धरलं. साठीकडे झुकलेला माणूस, पण ताकद कुठून आली होती कुणास ठाऊक. त्याने झटका दिला आणि टॉमी चेतनच्या खांद्यावर बसली. हाड वाजलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"ओढ्यातनं नेतोस मला? ओढ्यातनं?" संभाजी ओरडत होता. "माझा पोरगा, शिकलेला, मला ओढ्यातनं नेतोय! गावात शिरायची गरज नाही म्हणतोय, भडवा!"

पुन्हा टॉमी वर गेली. आणि चेतनच्या आतला तो टेम्पोवाल्याचं नाक फोडणारा हात आपसूक उठला. त्याने बापाला छातीवर गुद्दा हाणला. संभाजी मागे कोलमडला, पाय दगडात अडकला आणि गिरकी खाऊन कपाळावर आपटला. उठून बसला तेव्हा भुवईतून रक्ताची धार दाढीपर्यंत आली होती.

चेतन स्वतःच्या मुठीकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात त्याच्यासमोर आई आली. तिच्या हातात नारळाएवढा धोंडा होता, डोक्याच्या वर उचललेला.

"बापावर हात टाकलास?" प्रेमला म्हणाली. "पुन्ना टाक. टाकच. ह्या धोंड्यानं टाळकं फोडीन तुझं, आन मग सोताचं फोडून घेईन."

"आई, त्यांनी आधी..."

"खाली बस."

चेतन बसला. वाळूत, बापासमोर. मग संभाजीने डावा हात पुढे केला आणि ती दोन वाकडी बोटं चेतनच्या नाकासमोर धरली.

"ही कारखान्यात नाही मोडली."

चेतनने आईकडे पाहिलं. तिने धोंडा खाली घेतला होता, पण सोडला नव्हता.

"अनंता, माझा थोरला भाऊ," संभाजी म्हणाला.

"साप चावून गेले ते."

"तुला सांगायला साप. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींचं साल होतं. अनंता मास्तर झाला होता, शेजारच्या गावच्या शाळेत. सायकल घेतली होती त्यानं. आपल्या माणसांनी वेशीतनं जायचं नाही, ओढ्यातनं जायचं, असा त्या गावाचा कायदा. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याला बावीस वर्षं झालेली, तरी आम्ही आपले ओढ्यातनं. अनंता म्हणाला, मी पोरांना राज्यघटना शिकवतो आणि स्वतः ओढ्यातनं जाऊ? गेला वेशीतनं. घंटी वाजवत गेला."

भुवईतलं रक्त डोळ्यात उतरलं ते त्याने मनगटाने पुसलं.

"धरला. सायकलीला बांधला आणि सायकलीसकट फरपटत ओढ्यात आणला. तुमचा रस्ता हा, म्हणाले. सायकलीची चेन काढली आणि तिनंच हाणला. मी धावलो तर एकानं पाडलं आणि हात दगडावर ठेवून टाचेनं चेचला. हळूहळू. माझ्याकडे बघत."

"दिस कलंस्तोवर जिता व्हता," प्रेमला म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. "माझं लगीन होऊन दोन म्हैनं झालेलं. त्याचं डोस्कं माझ्या मांडीवर. पानी दे म्हनला. ओढ्यात कुठलं पानी? वाळू उकरली मी. नखं निघाली, पानी न्हाई निघालं."

"पोलिसांनी काय लिहिलं माहीत आहे?" संभाजी म्हणाला. "सायकल चालवता येत नव्हती, ओढ्यात पडून मयत."

चेतनच्या खांद्यात ठणका मारत होता. त्याला शाळेच्या भिंतीचं ते भगदाड दिसलं, पट्टा दिसला, 'फाटक उघडं आहे ना' ऐकू आलं.

"मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला. "एवढी वर्षं? का नाही?"

"सांगितलं असतं तर इंजिनिअर झाला असतास? कुणाचा तरी मुडदा पाडून येरवड्यात बसला असतास."

चेतनला टेम्पोवाला आठवला. तो उठला, शर्ट काढला, फाडून पट्टी केली आणि बापाच्या भुवईवर बांधली. संभाजीने बांधू दिलं. मग चेतनने काचेच्या जाळ्यात कोपर घालून बघण्यापुरतं भोक पाडलं आणि त्या भोकातून बघत जीप ओढ्याबाहेर काढली. संभाजी या वेळी पुढे बसला. काचेचे तुकडे मांडीवरून झटकून खिडकीवर हात टाकून बसला. वाऱ्याने तिघांच्या डोळ्यांना पाणी येत होतं आणि ते वाऱ्यानेच येतंय असं तिघांनीही चालवून घेतलं.

घरी आल्यावर प्रेमलाने जखमेत हळद भरली. संभाजीने दात आवळले, मग म्हणाला, "ते मशीन आण तुझं."

चेतनने लॅपटॉप आणला.

"ती रेघ पूस."

चेतनने पुसली. लाल रेघ गेली, ओढा तसाच राहिला.

"आता डांबरी दाखव."

संभाजीचं वाकडं बोट स्क्रीनवरून हळूहळू सरकलं. फाटा. शाळा. वेस. तिथे थांबलं.

"इथनं आत. पहिल्या गिअरमध्ये. घाई करायची नाही. हॉर्न द्यायचा, पूर्ण गाव पार होईपर्यंत द्यायचा."

"कुणी अडवलं तर?"

"तर उतरायचं."

तेवढ्यात लॅपटॉपवर सलिलचा निरोप चमकला. ट्रायलचा व्हिडिओ कुठे आहे, ओढ्याच्या ट्रेलला दोन नाही, तीन गाड्या येतायत. चेतनने टाईप केलं, ओढ्यातून जाणार नाही, डांबरीवरून जाणार, वेशीतून.

लगेच उत्तर आलं. 'मग जीप कशाला घेतलीस, रिक्षाने जा की.'

एरवी चेतनने हसण्याचं चिन्ह पाठवलं असतं. सदाशिव पेठेचा टोमणा गिळायची सवय त्याला होती. आज त्याने लिहिलं, 'त्या ओढ्यात माझ्या काकाला ठेचून मारलंय. तुझ्या गाड्या तिथे उतरल्या तर एकेक करून जाळीन.' पाठवलं आणि ग्रुपमधून बाहेर पडला.

"काय लिहिलंस?" संभाजीने विचारलं.

"त्याला येऊ नको म्हणालो."

"बरं केलंस." संभाजी उशीवर रेलला. मग म्हणाला, "काच नवी बसवून घे. दिवापण. पोचा राहू दे. टॉमी कुठं आहे?"

"मागे, डिकीत."

"पुढं ठेव. माझ्या पायाशी."

प्रवासाची पिशवी कोपऱ्यात तयार होती. प्रेमलाने ती पुढे ओढली, उशी आत कोंबली, गोळ्यांची डबी बघितली. मग खाली हात घालून कात्रजच्या ओढ्यातला तो धोंडा बाहेर काढला. तिने तो घेऊन आल्याचं दोघांनाही माहीत नव्हतं. मोरीत नेऊन तिने तो स्वच्छ धुतला, पदराने पुसला आणि थर्मासच्या शेजारी नीट बसेल असा पिशवीत ठेवला.