तीनदा पांघरलेली गोधडी

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या अळूच्या वाफ्यात गावची डुकरं सोडा.

आमच्या माऊके बेटावरच्या तेपाएरूच्या नातीचं लग्न ठरलं, आणि तेही ऐतुताकी बेटावर, निळ्या पाण्याकाठच्या हॉटेलात. नात आपी मेलबर्नला वाढलेली, नवरदेव कॅलम तिकडचाच. हल्लीची पोरं कुठून कुठून पाहुणे गोळा करून तिसऱ्याच ठिकाणी लग्न लावतात ना, तसलं. तेपाएरूला डॉक्टरने छातीमुळे विमान बंद केलेलं. पण ती नाही गेली तरी तिची तिवाएवाए गेली. चार वर्षं शिवलेली ती गोधडी, पांढऱ्यावर लालभडक जास्वंदी, अशा की मधमाशी येऊन फसावी. आमच्याकडे लग्नात अशी गोधडी नवरानवरीच्या खांद्यावर पांघरतात. आणि तेपाएरूच्या घरात तर शिवणारीने "पांघर" म्हटल्याशिवाय घडीसुद्धा मोडायची नाही.

आता तिवाएवाए काय एकटीदुकटीचं काम असतं? फुलं कापते एक, शिवतात दहा. ही फुलं कापली होती तिच्या मैत्रिणीने, अकाइतीने. पण तेपाएरू गावभर "माझी गोधडी, माझी गोधडी" करत सुटली, आणि अकाइतीने बोलणं टाकलं. बोलणं टाकलं म्हणजे काय, टोमणे सोडून बाकीचं टाकलं. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ती शेजारणीला म्हणाली, तेपाएरूला ऐकू जाईल अशा बेताने, "मेलबर्नची पोरगी ती. गोधडी वाळूत अंथरेल आणि वर लोळत पडेल."

तेपाएरू वळली. "माझी नात आहे ती. माझा शब्द कानावर पडल्याशिवाय गोधडीची घडी मोडू द्यायची नाही."

सगळ्या गावाने ऐकलं. झालं, म्हातारीचं नाक त्या गोधडीच्या टोकाला बांधलं गेलं.

लग्न दिसणार होतं चर्चच्या हॉलमधल्या पडद्यावर. आमची इंटरनेटची लाइन म्हणजे वाळलेल्या नारळातलं पाणी, एकाने प्यायलं की दुसऱ्याला ठणठण. म्हणून पाद्री ताउरारींनी आदल्या रविवारी बजावलं, लग्न होईस्तोवर बेटावरचा एकही फोन चालू राहता कामा नये. लोकांनी ऐकलं. दारातल्या टोपलीत फोन पडले, वर केळीचं पान झाकलं. हॉलमधला जुना तारेचा फोन तेवढा राहिला, तेपाएरूचा "पांघर" तिकडे पोचवायला.

सगळे नटूनथटून आले. गळ्यात माइरेच्या पानांच्या माळा, एक माळ पडद्यालाही घातली. पडद्यावर आपीची आई तुआइने दिसली तसा अख्खा हॉल उठून "किया ओराना" म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही. दोघीजणी रुसल्या.

"अगं, तिला आपण दिसत नाही," पाद्रीणबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे एकच काम होतं, कॉम्प्युटरवरचं बदामाचं बटण दाबत राहायचं, म्हणजे तिकडे माऊकेचे बदाम वर उडताना दिसतात.

"आपल्याला ती दिसते आणि तिला आपण नाही? हे कुठलं लग्न?"

"गप बस आणि बघ."

शपथा झाल्या. तुआइने चटईत बांधलेली गोधडी घेऊन पुढे आली. तेपाएरूने फोनचा रिसीव्हर कानाला लावायला हात पुढे केला आणि चित्र गोठलं, फोनही मुका झाला. आपीचा एक डोळा उघडा, एक मिटलेला, जणू सगळ्या गावाला डोळा मारतेय.

"कुणाचा तरी फोन चालू आहे," पाद्री म्हणाले.

लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. अकाइती नव्हती. गुडघा दुखतो म्हणून घरी राहिली होती.

तेपाएरू काठी घेऊन स्वतः निघाली. हॉलच्या मागेच अकाइतीचं घर. स्वयंपाकघरात अकाइती नवा झगा घालून, डोक्यावर फुलांची चक्री चढवून बसलेली. समोर नीरफणसाला टेकवलेला फोन. आणि डोळ्यांना धारा.

"हाच का तुझा गुडघा?"

"माझी फुलं आहेत ती," अकाइती म्हणाली. "बघू पण नको?"

तेपाएरूच्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. पण तिकडे तिची नात खोळंबली असेल, नाहीतर गोधडी पांघरून मोकळीही झाली असेल. तिने ते उत्तर गिळलं.

"इथे तुझी फुलं पावट्याएवढी दिसतात. तिथे ताटाएवढी. ऊठ, आणि तो फोन बंद कर."

दोघी हॉलमध्ये शिरल्या तेव्हा चित्र हललं. तेपाएरूने मान वर करायला वेळ लावला. आता काय बघायचं, शब्द तर बुडालाच असणार.

पण पडद्यावर आपी होती तिथेच उभी. गोधडी चटईत बांधलेलीच. पाहुणे चपलांनी वारा घेत होते, नवरदेव कोट काढून वाळूत बसला होता.

फोन वाजला. तुआइने होती. "आई, कुठे होतात सगळे? तुमचे बदाम थांबले तशी ही अडून बसली. माऊके परत आल्याशिवाय हात लावू देत नाही. हॉटेलवाल्या बाई तीनदा विनवून गेल्या. आता सांग बाई काय ते."

तेपाएरूच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिने घसा खाकरला आणि म्हणाली, "पांघर."

पडद्यावर कुणी हललं नाही.

"पांघर म्हणते ना."

काही नाही.

"तुआइने, बहिरी झालीस का? पांघर!"

तिला काय ठाऊक, चित्र आवाजाच्या मागून रांगत येतं ते. मग आलं. घडी उलगडली, जास्वंदी वाऱ्यावर फुगल्या, दोघांच्या खांद्यांवर गोधडी पडली. हॉल ओरडला. तेवढ्यात पडद्यावर ती काढली, पुन्हा पांघरली. पुन्हा काढली, पुन्हा पांघरली.

फोनमधून तुआइने म्हणाली, "आई, तीनदा म्हणालीस, तीनदा पांघरली. आता पुरे. कॅलम आत गुदमरतोय."

अकाइतीने पुढच्या बाकावरून मान वळवली. "पोरगी तुझ्यावरच गेलीय. आडमुठी."

"माझ्यावर नाही तर कुणावर जाईल?" तेपाएरूची मान अशी ताठ झाली होती की माळ हनुवटीला टोचत होती. तिने फोन पुन्हा तोंडाशी धरला. "तुआइने, तिथे सगळ्यांना मोठ्याने सांग. शिवलं मी, पण फुलं अकाइतीने कापलीत."

अकाइती एकदम पडद्याकडे बघायला लागली. जरा वेळाने तिथे टाळ्या वाजल्या.

तर असं झालं. सगळं खरं आहे, एक सोडून. स्वयंपाकघरात अकाइती काही रडत नव्हती, ती मासा खात होती. रडली ती तेपाएरू, पोरीला तशी अडून उभी बघून, अगदी नाक गळेपर्यंत. कुणाला सांगू नको म्हणाली होती.