पाठमोऱ्या डोक्याचे दोन कान

ऑफिसात तिला सगळे सुसाट म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून. चार दिवसांचं काम दीड दिवसात उरकायचं आणि उरलेले अडीच दिवस ते कसं उरकलं हे सांगत हिंडायचं, असा तिचा खाक्या. शेजारच्या टेबलावर बसायचा खोडा. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं ही त्याची नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर आवडही.

त्यांची कंपनी कानाच्या यंत्रांसाठी मोबाइलचं ॲप बनवायची. दोन कानांत दोन यंत्रं, आणि त्यांचा आवाज फोनवरून कमी-जास्त करायचा. पडद्यावर एक पाठमोरं डोकं, डोक्याला दोन कान, आणि प्रत्येक कानाशेजारी वर-खाली सरकणारी एक पट्टी. डोकं पाठमोरं अशासाठी, की बघणाऱ्याचा उजवा कान चित्रातही उजवीकडेच यावा. कानांवर अक्षर एकही नाही. "शेंबडं पोरही चालवेल," हे सुसाटचं मत.

आता तेच ॲप उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत हवं होतं. तिथे नुसते शब्द बदलून भागत नाही. वाचणाऱ्याची नजर उजवीकडून सुरू होते, म्हणून मागे जायचा बाण, मेनू, याद्या, सगळं आरशात बघितल्यासारखं फिरवावं लागतं. पण सरसकट नाही हं! एकेक वस्तू बघून ठरवायचं, ही फिरेल, ही नाही. खोड्यानं त्यासाठी अडुसष्ट वस्तूंची यादी करून दिली होती. सुसाटनं ती उघडलीसुद्धा नाही. एका ओळीत अख्खा पडदा फिरवला आणि जेवणाच्या सुट्टीआधी मोकळी झाली.

"फोन नंबर उलटा आलाय," खोडा म्हणाला. "आकडे त्या भाषेतही डावीकडूनच लिहितात."

तिनं तेवढा नंबर सरळ केला. "झालं? आता कर सही."

"ती लिपी वाचणाऱ्या माणसानं आठवडाभर वापरल्याशिवाय नाही."

"घातलास खोडा!"

"नाव काय उगीच पडलंय?"

असा माणूस शोधायला सुसाटला लांब जावं लागलं नाही. ती राहायची त्या खोलीच्या बरोबर खाली घड्याळकाकांचं दुकान होतं. बोलायला ते तुमच्या-आमच्यासारखेच, पण वाचायचं ते आईनं शिकवलेल्या, उजवीकडून सुरू होणाऱ्या लिपीत. पन्नास वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. घड्याळ उघडण्याआधी उजव्या कानाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि दुखणं काय ते ऐकून सांगायचे. भिंग नंतर. गेल्या दोन वर्षांत मात्र त्या कानानं दगा दिला. डावा जरा तरी बरा होता, पण त्याला ही विद्या येत नव्हती. दुरुस्त म्हणून दिलेली दोन घड्याळं परत आली आणि काका खचले. दुकान एका मोबाइल-कव्हरवाल्याला देऊन टाकायचं ठरलं. तो शनिवारी दहा वाजता किल्ल्या न्यायला येणार होता.

"यंत्रानं ऐकू आलं तर दुकान, नाहीतर किल्ल्या," काकूंनी जिन्यातच सुसाटला सांगितलं. "दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय गं? मला त्याचीच धास्ती वाटते."

"काकू, त्या कव्हरवाल्याला चहा पाजून परत पाठवायची तयारी ठेवा!"

कानाच्या डॉक्टरबाईंनी यंत्रं बसवून दिली, सुसाटनं फोनवर ॲप चढवलं. रोज संध्याकाळी ती जिन्यातूनच ओरडायची, "काय काका, कसं काय?" आणि काका हात हलवून म्हणायचे, "छान, छान!" ते थांबून विचारायला हिला वेळ कुठला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. पोरीनं एवढ्या हौसेनं दिलंय, तिच्या तोंडावर कसं नाही म्हणायचं, म्हणून बिचारे काका आठवडाभर छान म्हणत राहिले.

शनिवारी सकाळी काकू तिच्या दारात उभ्या. हातात यंत्रांची डबी.

"घे बाई. जमत नाही म्हणतात."

सुसाट दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. दुकानात अर्धं सामान वर्तमानपत्रात गुंडाळून झालं होतं. भिंतीवरचं लंबकाचं मोठं घड्याळ तेवढं अजून उतरवायचं होतं.

"तुझा काही दोष नाही गं," काका म्हणाले. "उजवा कान मेलाच माझा. उजवीकडची पट्टी पार टोकाला नेली तरी आत ठणठणाट. आणि डाव्यात मात्र काकूनं चमचा ठेवला तरी तोफ डागल्यासारखी वाटते."

"मग रोज छान छान का म्हणत होतात?"

"तू रोज एवढी खुशीत विचारायचीस."

तिला रडूच आलं. सगळ्यांना घाईघाईनं गाठणारी ही बया, आणि पायाखालच्या माणसाला आठवड्यात एकदा समोर बसून विचारलं नाही! काकांना ते रडणं बघवेना. तिला हसवावं म्हणून त्यांनी फोन पुढे केला.

"एक सांगू? यंत्र चांगलं, ॲप चांगलं. पण या कोपऱ्यातल्या घड्याळाचे कान उपटायला हवेत. काटा बघ!"

यंत्रं किती वेळ घातली ते दाखवणारं एक इवलंसं घड्याळ होतं ते. त्याचा काटा बारावरून निघून अकराकडे चालला होता.

"आठवडाभर बघतोय आणि एकटाच हसतोय," काका म्हणाले. "अगं पोरी, आम्ही लिहितो उजवीकडून, पण घड्याळ आमच्याकडेही तुमच्यासारखंच फिरतं!"

सुसाटला रडता रडता हसू फुटलं. आणि मग ती हसायची थांबली. पडद्याबरोबर घड्याळ फिरलं, म्हणजे डोकंही फिरलं. पण पाठमोरं डोकं फिरलं काय नि न फिरलं काय, दिसणार तसंच! काकांच्या उजव्या कानाची पट्टी जाऊन बसली होती डावीकडे, आणि ते बिचारे उजवीकडची वर नेऊन आपल्याच बऱ्या कानात तोफा डागत होते. ऑफिसात सगळ्यांचे दोन्ही कान ठणठणीत, कोणाला कळणार?

"काका, यंत्रं घाला! उजवीकडची पट्टी खाली घ्या, आणि आता डावीकडची वर."

"डाव्या कानाचा पडदा फाडतेस की काय?"

"माझ्यावर विश्वास ठेवून नका करू, माझी चूक आहे म्हणून करा!"

काकांनी अंगठ्यानं हळूहळू पट्टी सरकवली. मध्येच थांबले. मान वर केली.

"तो लंगडतोय."

"कोण?"

"तो भिंतीवरचा! टिक वेळेवर, टक उशिरा. अरे, दोन वर्षं माझ्या डोक्यावर लंगडतोय आणि मला पत्ता नाही!"

सत्तरीचा माणूस, पण एका झेपेत स्टुलावर चढला. घड्याळ केसभर तिरकं झालं होतं. काकांनी खालची कड बोटानं जराशी ढकलली, डोळे मिटले, पुन्हा तसूभर ढकलली. टिक. टक. आता दोन्ही पावलं सारखी पडायला लागली. काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"पडतील आता या वयात," काकू त्यांच्या पाठीमागे पुटपुटल्या.

"नाही पडत," काका वळून न बघता म्हणाले.

"अगं बाई! ऐकू आलं?" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "दोन वर्षं यांच्या मागे काय काय बोलत आले मी! आता जपूनच राहायला हवं."

तिघंही इतकी हसली की रस्त्यावरचा एकजण डोकावून गेला. सुसाटनं तिथूनच खोड्याला फोन लावला.

"तुझी ती अडुसष्टांची यादी काढून ठेव. सोमवारी एकेक करून बघते."

"तुला बरं वाटतंय ना?" खोड्यानं काळजीनं विचारलं.

दहा वाजता कव्हरवाला आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली घड्याळं काकू पुन्हा फळीवर मांडत होत्या, आणि काका डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"काका, किल्ल्या?"

"हात आण इकडे," काका म्हणाले. त्याच्या मनगटावर जुनं चावीचं घड्याळ होतं. काकांनी त्याचा हात ओढून सरळ उजव्या कानाला लावला आणि डोळे मिटले. तो आपला वाकून उभा.

"वडिलांचं आहे," तो म्हणाला. "चालतंय की चांगलं."

"चालतंय, पण धापा टाकतंय. तेल सुकलंय आतलं. ठेवून जा, बुधवारी ये."

"आणि किल्ल्या?"

"चहा घेऊन जा," काकू म्हणाल्या.