चौकटीवरची बोटं

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तिनं स्वतःचाच प्रबंध खोटा पाडू शकेल असं गणित संगणकावर चालू केलं. प्रबंध चार वाजता द्यायचा होता.

घट्ट तेलात पाणी ढकललं की दोघांमधली कड कशी सरकते, हे ती तीन वर्षं मोजत होती. संगणक हे गणित उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटीवर मांडे, आणि त्यात त्या गोल कडेला दर वेळी पाण्याची चार लांबट बोटं फुटत. आज चहा पिताना शिवणकाम करणाऱ्या बहिणीनं चित्र पाहिलं.

"अगं, ही बोटं तुझ्या चौकटीच्या रेघांवरूनच कशी चालतात? पाण्याला रेघा दिसतात होय?"

"ताई, तू तुझी शिलाई बघ," ती म्हणाली खरी, पण चहा तसाच ठेवून संगणकाकडे वळली.

म्हणून तिनं चौकट तीस अंशांनी फिरवली होती. बोटं जुन्याच जागी फुटली तर ती पाण्याची. चौकटीबरोबर फिरली तर तीन वर्षं वाया. तिच्या येरझारा थांबेनात.

"बस की गं, फरशी झिजेल!" मशीनवरून ताई ओरडली. "फुटलं का काही?"

बाराला पाच कमी होते. तिनं पडद्यावर कोनमापक धरला.

"एक फुगवटा आलाय."

"कुठं?"

"जुनी जागा आणि नवी रेघ, दोन्हींच्या बरोबर मध्ये."